हिवाळ्यात तळ्याभोवती एक फेरी: ब्लॅक पार्कबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनच्या पश्चिमेकडच्या स्लाऊ, लँगली, अक्सब्रिज या पट्ट्यातल्या मराठी घरांना ब्लॅक पार्क हे कंट्री पार्क उन्हाळ्यातलं पाठ असतं. पार्किंगची रांग, आइस्क्रीमचा हट्ट, झोपाळ्यासाठी मुलांची भांडणं आणि तळ्याकाठी सतरंजी टाकायला जागा मिळेल का याची धाकधूक. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली की मात्र तिकडे कुणी फिरकत नाही. माझं मत नेमकं उलटं आहे. पार्क बघायचं तर जुलैत जा, तळं बघायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. हे म्हटलं की लोक जे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

हिवाळ्यात तिथे बघण्यासारखं असतं तरी काय?

पहिलं म्हणजे तळं दिसतं. ऐकायला विचित्र वाटेल, पण उन्हाळ्यात फेरीभर ते तुकड्यातुकड्यांनीच दिसतं. मध्ये बर्च, अल्डर, ओक यांच्या पानांचा पडदा असतो. नोव्हेंबरअखेर तो गळून पडतो आणि या काठावरून त्या काठावर चालणाऱ्या माणसाच्या टोपीचा रंगसुद्धा कळायला लागतो. तरी सगळं उघडंबोडकं होत नाही, कारण इथे पाइन भरपूर आहेत आणि ते बारा महिने हिरवे राहतात. बर्चची पांढरी खोडं आणि त्यामागे पाइनची काळपट हिरवी भिंत, हे दृश्य ऐन उन्हाळ्यात मिळत नाही.

दुसरं म्हणजे बदकं. जुलै-ऑगस्टमध्ये मॅलार्डचे, म्हणजे इथल्या नेहमीच्या बदकाचे, नर पिसं गाळतात. तेव्हा ते माद्यांसारखेच मळकट तपकिरी दिसतात, काही आठवडे तर त्यांना नीट उडताही येत नाही. म्हणजे ज्या सुट्टीत आपण मुलांना बदकं दाखवायला नेतो, त्याच सुट्टीत बदकं सगळ्यात गबाळी असतात. नोव्हेंबरपर्यंत हिरवं डोकं, पांढरी गळपट्टी, शेपटीवर कुरळं पीस असा सगळा साज परत येतो, आणि जोड्याही हिवाळ्यातच जुळतात. नरांची मान वर-खाली करण्याची, शिट्टी मारण्याची कसरत याच दिवसांत बघायला मिळते.

तिसरं कारण माझ्यापुरतं सगळ्यात मोठं: आवाज ऐकू येतात.

हे पार्क नेमकं कुठे आहे? गाडी नसेल तर?

बकिंगहॅमशायरमध्ये, स्लाऊच्या ईशान्येला, वेक्सहॅम आणि आयव्हर हीथच्या मध्ये. स्लाऊहून अक्सब्रिजला जाणाऱ्या ए४१२ रस्त्याला लागूनच. बकिंगहॅमशायर काउन्सिल ते सांभाळते. पार्कात जायला तिकीट नाही, पार्किंगला मात्र पैसे पडतात.

गाडी नसेल तर एलिझाबेथ लाइन रेल्वेने स्लाऊपर्यंत यायचं आणि ए४१२ वरून जाणारी बस धरायची. बसचे नंबर आणि वेळा वरचेवर बदलतात. रविवारी बस कमी असतात. म्हणून जायच्या आधी परतीची बस बघून ठेवा. जाताना अर्धा तास बस नाही मिळाली तर चालतं, परतताना अंधारात त्या रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभं राहणं ही वेगळी गोष्ट आहे.

कंट्री पार्क म्हणजे नॅशनल पार्कच ना?

नाही. नॅशनल पार्क म्हणजे लेक डिस्ट्रिक्टसारखा अख्खा मुलूख, त्यात गावं, शेतं, डोंगर सगळं आलं. कंट्री पार्क हे त्या मानाने छोटं, शहराच्या अंगणातलं. १९६८च्या कंट्रीसाइड कायद्याने स्थानिक काउन्सिलांना अशी पार्कं उभारायला वाव आणि पैसा मिळाला. तेव्हा लोकांकडे गाड्या यायला लागल्या होत्या आणि दर रविवारी सगळं शहर खेड्यापाड्यांत लोटत होतं. शहरापासून जवळ, पार्किंग आणि स्वच्छतागृह असलेली मोकळी जागा दिली तर लांबच्या नाजूक जागांवरचा ताण कमी होईल, असा तो हिशोब. ब्लॅक पार्कचा पसारा पाचशे एकरांच्या वर आहे. तळं त्याच्या दक्षिण भागात येतं आणि बहुतेक लोक तळ्यापलीकडे जातच नाहीत.

फेरी किती मोठी आहे? आईबाबांना झेपेल का?

झेपेल. तळ्याभोवतीची वाट मैलाच्या आतबाहेर, जवळजवळ सपाट आणि पक्की बांधलेली आहे. बाबागाडी आणि व्हीलचेअरही जाते. चालणारा माणूस पंचवीस मिनिटांत फेरी संपवतो. गुडघे कुरकुरत असतील तर पाऊण तास धरा. वाटेत बाकं आहेत. एकच सूचना: हिवाळ्यात बाक जवळजवळ नेहमी ओलं असतं, तेव्हा बसायला प्लॅस्टिकची पिशवी किंवा जुनं वर्तमानपत्र सोबत घ्या.

पक्की वाट म्हणजे कोरडी वाट नव्हे. पाइनच्या सुया आणि कुजलेली पानं यांचा थर पावसानंतर निसरडा होतो. दक्षिण काठावर झाडांची सावली दिवसभर पडते, तिथे सकाळचं दव गोठून दुपारपर्यंत तसंच राहू शकतं. उत्तरेकडच्या काठाला ऊन मिळतं. ज्येष्ठांना घेऊन गेलात तर सावलीतल्या बाजूला हात धरायला कुणीतरी हवं. कुणी पडलंच तर वेक्सहॅम पार्क हॉस्पिटल अगदी जवळ आहे. भारतातून भेटीला आलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की अपघात विभागातली तातडीची तपासणी मोफत असते, पण पुढे दाखल करून घेतलं की बिल लागतं. आईबाबांचा प्रवास विमा काढला नसेल तर फेरीच्या आधी तो काढा.

घरातून किती वाजता निघावं?

या प्रश्नावरच बहुतेक बेत फसतात. आपली रविवारची सवय अशी: उशिरा उठणं, अकराला पोहे, मग "जेवूनच निघू", जेवण दोनला, भांडी, मुलांचे बूट, आणि गाडी सुरू होते तेव्हा तीन वाजलेले असतात. डिसेंबरात या भागात सूर्य चारच्या आधीच मावळतो. तीनला निघालात तर तळ्याचं दर्शन घेऊन परत फिरायचं.

उजेडाचा हिशोब असा. २१ डिसेंबरच्या आसपास सूर्य आठ वाजून काही मिनिटांनी उगवतो आणि चारला पाच-सहा मिनिटं कमी असताना मावळतो. म्हणजे दिवस पावणेआठ तासांच्या जरा वर. मुंबईचा सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो, त्यामुळे नव्याने आलेल्या माणसाच्या शरीराला हे पटतच नाही. एक गंमत अशी की संध्याकाळ सगळ्यात लवकर होते ती डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि सकाळ सगळ्यात उशिरा उजाडते ती वर्षाच्या अगदी शेवटी. संध्याकाळी उजेड लांबतोय हे सकाळच्या आधी जाणवतं. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो म्हणतात. इथे संक्रांतीला सूर्यास्त सव्वाचारपर्यंत सरकलेला असतो आणि फेब्रुवारीअखेर साडेपाचच्या पुढे.

तेव्हा साडेनऊला घर सोडा. दहाच्या सुमाराला तळ्यावर धुकं असलं तर ते उठायला लागलेलं असतं, पार्किंग रिकामं असतं आणि साडेबाराला जेवायला घरी येता येतं. शनिवारी सकाळी नऊला इथे पार्करन असते, पाच किलोमीटरची. त्यामुळे शनिवारी नऊच्या आसपास गाड्याही जास्त आणि वाटेवर धावणारेही. धावायची हौस असेल तर नाव नोंदवा, ती फुकट असते. हौस नसेल तर दहानंतर जा.

थंडी किती असते? काय घालायचं?

दक्षिण इंग्लंडचा हिवाळा आकड्यांत भयंकर नाही. पाच ते आठ अंश हा नेहमीचा दिवस. त्रास होतो तो ओलाव्याचा आणि तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्याचा. एकच जाडजूड जॅकेट घालण्यापेक्षा आत थर्मल, त्यावर स्वेटर किंवा फ्लीस आणि वरून वारा-पाऊस अडवणारं काहीतरी, असे थर बरे. अर्ध्या फेरीनंतर गरम व्हायला लागतं, तेव्हा मधला थर काढता येतो. जीन्स भिजली की वाळत नाही, ती टाळा. बुटांना खालून खाचा हव्यात. कानटोपी घालायला लाजू नका, इथे सगळेच घालतात, फक्त नाव वेगळं.

दम्याचा त्रास असेल तर मफलर नाकातोंडावरून घ्या आणि पंप खिशात ठेवा. गार हवा थेट छातीत गेली की त्रास वाढतो.

आई साडीच नेसते. जमेल का?

जमतं. आत लोकरीची लेगिंग, पायात जाड मोजे आणि बूट, साडी घोट्याच्या वर चार बोटं. नऊवारी असेल तर प्रश्नच नाही. अडचण साडीची नसते, चपलांची असते. "मी आयुष्यभर चपलांवरच चालले" हे वाक्य ऐकून घ्यायचं आणि बूट पुढे करायचे.

कुठले पक्षी दिसतात? आम्हाला पक्ष्यांतलं काही कळत नाही.

कळायची गरज नाही, थांबायची आहे. एका जागी दहा मिनिटं उभं राहिलात तर पुढचे बरेचसे दिसतील.

काळाकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा लावलेला तो चांदवा. आपल्याकडे काही ठिकाणी त्याला वारकरी म्हणतात. नावाला साजेसा शांत मात्र नाही. तळ्यावर सगळ्यात भांडकुदळ तोच. काठाजवळ पातळ बर्फ धरलं की त्याचे पाय बघायची संधी सोडू नका. एरवी ते पाण्याखाली असतात. करड्या-हिरवट रंगाची लांब बोटं आणि प्रत्येक पेरावर पानासारखी रुंद चामड्याची झालर. बदकासारखा अखंड पडदा नसतो. बर्फावर ती झालर पसरते आणि चांदवा एकेक पाऊल मोजून टाकतो, मधेच मागचा पाय घसरतो, तो पंख उघडून सावरतो आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे जातो.

तशीच पण चोच लाल आणि शेपटी उडवत चालणारी ती पाणकोंबडी. ती काठ धरून राहते. डोक्यामागे लोंबती शेंडी, काळं-पांढरं अंग आणि पिवळा डोळा असलेलं शेंडी बदक बुडी मारतं आणि कुठे वर येईल याचा अंदाज चुकवतं. याचे भाऊबंद हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या जलाशयांवरही उतरतात. मोठी डुबुकली उन्हाळ्यात डोक्यावर तुरा आणि गालांवर तांबूस झालर मिरवते. हिवाळ्यात ते सगळं उतरवून नुसती राखाडी-पांढरी होते, म्हणून पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही. लोक तिला ओळखत नाहीत ते यामुळेच.

कुरवांचाही तोच घोळ. ज्याचं इंग्रजी नाव काळ्या डोक्यावरून पडलंय, त्या कुरवाचं डोकं हिवाळ्यात पांढरं असतं आणि डोळ्यामागे फक्त एक काळा ठिपका उरतो. गेटवेहून घारापुरीला जाताना लाँचच्या मागे लागणाऱ्या थव्यात याच्याच जातीचे पाहुणे असतात.

मँडरिन बदक दिसलं तर फेरी वसूल. नराच्या पाठीवर केशरी रंगाची दोन उभी शिडं, गालांवर केशरी कल्ले, जांभळी छाती. हे मूळचं पूर्व आशियातलं. इंग्लंडमध्ये हौशी लोकांच्या संग्रहातून सुटलं आणि बर्कशायर-सरेच्या या पट्ट्यात चांगलं रुळलं. त्याला काठावर झुकलेल्या फांद्यांखालची सावली आवडते, तेव्हा मोकळ्या पाण्यापेक्षा तिथे शोधा.

आता मान वर करा. काठावरच्या अल्डरला हिवाळ्यात बोराएवढी काळपट बोंडं लटकलेली असतात. त्यांतलं बी खायला पिवळ्या-हिरव्या चिमुकल्या सिस्किनचा थवा येतो आणि उलटा टांगून खातो. खाली पाण्यावर बियांचा भुगा पडताना दिसला की वर थवा आहे समजायचं. आणि लाल छातीचा रॉबिन. बाकी पक्षी हिवाळ्यात जवळजवळ गप्प असतात, रॉबिन गातो. मादीसुद्धा गाते, कारण थंडीत प्रत्येकाला आपापली हद्द राखायची असते. तुमच्या बाकाजवळ येऊन तो गायला लागला तर ते स्वागत नाही, "ही जागा माझी" असं सांगणं आहे.

हंसांची भीती वाटते. अंगावर येतात का?

वसंतात, घरटं असताना येऊ शकतात. हिवाळ्यात सहसा नाही, खाऊच्या आशेने जवळ येतात एवढंच. दोन हात अंतर ठेवा. इथल्या मोकळ्या पाण्यावरच्या खूण नसलेल्या हंसांवर राजघराण्याचा हक्क असतो आणि दर जुलैत थेम्सवर त्यांची शिरगणती होते. मुलांना हे सांगितलं की ती आपोआप जरा अदबीने वागतात.

बदकांना पोळी, ब्रेड, चिवडा घातला तर चालतो का?

चिवडा नको. तेल, मीठ, मिरची, शेंगदाणे, यांतलं काहीच त्यांच्यासाठी नाही. ब्रेड आणि पोळीने पोट भरतं पण पोषण होत नाही, आणि उरलेलं पाण्यात कुजून शेवाळ वाढतं, काठावर उंदीर येतात. द्यायचंच असेल तर फ्रीझरमधले मटार किंवा मक्याचे दाणे पाण्यात वितळवून, किंवा कच्चे ओट्स. मूठभर. ते खाणं संपलं की थांबा. फलकावर खाऊ घालू नका असं लिहिलं असेल तर तेच अंतिम.

मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा. गेल्या काही वर्षांत बर्ड फ्लूने इथले हंस आणि बदकं बरीच मेली आहेत. कुठे कळवायचं ते सरकारच्या संकेतस्थळावर दिलेलं असतं.

तळं गोठलं तर त्यावर चालता येतं का?

नाही. कितीही जाड वाटलं, दुसरं कुणी उभं असलं, कुत्रं पळत गेलं, तरी नाही.

हे जरा सविस्तर लिहायला हवं, कारण आपण अशा देशातून आलो आहोत जिथे तळं गोठत नाही. धोका ओळखायची सवयच आपल्याला लागलेली नसते, उलट "बर्फ! चला फोटो काढू" असं होतं. पाणी चार अंशांना सगळ्यात जड असतं. त्याहून गार झालं की ते हलकं होऊन वर राहतं आणि तळं वरून गोठायला लागतं. दक्षिण इंग्लंडात कडाक्याची थंडी सलग फार दिवस टिकत नाही, म्हणून वरचा थर पातळच राहतो, आणि सगळीकडे सारखा नसतो. बदकांच्या सततच्या पोहण्याने, झऱ्याच्या तोंडाशी, लव्हाळ्याजवळ तो आणखी पातळ असतो, वरून ते कळत नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी बर्मिंगहॅमजवळच्या सॉलिहलच्या बॅब्स मिल पार्कमधल्या तळ्यावरचं बर्फ फुटून चार लहान मुलांचा जीव गेला. तेही असंच वस्तीतलं, रोजच्या येण्याजाण्यातलं तळं होतं.

कुणी पाण्यात पडलेलं दिसलं तर मागोमाग उतरू नका. ९९९ लावा, काठावर आडवं होऊन दोरी, फांदी, ओढणी, मफलर जे असेल ते पुढे करा. गार पाण्यात पडताच श्वास अनावर होतो, म्हणून ओरडून सांगा की हातपाय मारू नकोस, पाठीवर तरंग. आणि बर्फावर गेलेल्या कुत्र्यामागे जाऊ नका. कुत्रं बहुतेक वेळा आपलं आपण बाहेर येतं, माणूस अडकतो.

मुलांना हे गाडीतच सांगा. तिथे पोचल्यावर ती ऐकत नाहीत.

कुत्र्यांची भीती वाटते. किती कुत्रे असतात?

पुष्कळ. हिवाळ्यात पार्कात येणाऱ्यांत मोठा वाटा कुत्रेवाल्यांचाच. बरेचसे कुत्रे शिकवलेले असतात, तरी अंगावर उडी मारणारा एखादा भेटतोच. पळू नका, ओरडू नका, हात छातीशी घेऊन उभे राहा आणि मालकाला स्पष्ट सांगा की आम्हाला भीती वाटते. यात अपमान वाटून घेणारा मालक क्वचितच; बहुतेक जण लगेच साखळी लावतात. अनोळखी माणूस समोरून "मॉर्निंग" म्हणून गेला तर आपणही म्हणावं. बाबांना पहिल्या दिवशी वाटतं की मुलाच्या ओळखीचे लोक फार आहेत.

पाऊस किंवा वादळ असेल तर?

भुरभुर पावसाला घाबरायचं तर मार्चपर्यंत घरीच बसावं लागेल. पाइनखालच्या वाटेवर अर्धा पाऊस वरच अडतो. वाऱ्याचं मात्र वेगळं. हवामान खात्याने वाऱ्याचा पिवळा इशारा दिला असेल तर तळ्याचा मोकळा काठ धरा, झाडीत शिरू नका. नारिंगी किंवा लाल असेल तर जाऊच नका. जुन्या फांद्या अशा दिवशीच पडतात आणि पार्क बंदही ठेवतात.

खाणंपिणं आणि स्वच्छतागृह?

तळ्याकाठी कॅफे आहे, जवळच स्वच्छतागृह आहे. हिवाळ्यात कॅफे लवकर बंद होतो, म्हणून चहा शेवटी पिऊ असं ठरवू नका, आधी प्या. थर्मास घरून नेला तर आल्याचा चहा मिळतो, तो कुठल्याच कॅफेत मिळत नाही. सोबत न सांडणारं, हातमोजे घालूनही धरता येईल असं काहीतरी: गुंडाळलेला पराठा, खजुराचा लाडू, जानेवारीत गुळाची पोळी. पोहे आणि उपमा नको. तीन मिनिटांत गार होतात.

इथे सिनेमांचं शूटिंग होतं म्हणे?

होतं. पार्कच्या शेजारीच पाइनवुड स्टुडिओ आहे, १९३६ सालचा. स्टुडिओच्या दाराशी जंगल, तळं आणि मोकळी वाट असल्यावर निर्माते लांब कशाला जातील? जुने ब्रिटिश भयपट, बाँडपट, जादूगार मुलांचे चित्रपट, सगळ्यांत हे पाइन कुठे ना कुठे आहेत. कधी ट्रान्सिल्व्हेनिया म्हणून, कधी आफ्रिका म्हणून. हिवाळी धुक्यात चालताना भयपटवाल्यांना ही जागा का आवडली ते आपोआप कळतं. शूटिंग चालू असेल तेव्हा एखादी वाट अडवलेली असते आणि जाकीट घातलेला माणूस नम्रपणे वळसा घ्यायला सांगतो. नट दिसेल या आशेने थांबू नका, दिसतात ते जनरेटरचे ट्रक.

तळं नैसर्गिक आहे का? आणि नाव 'ब्लॅक' कशावरून?

तळं माणसाने केलेलं आहे. १८व्या शतकात ही सगळी जमीन शेजारच्या लँगली पार्क इस्टेटीचा भाग होती आणि ती मार्लबरोच्या ड्यूककडे होती. त्या काळच्या उमरावांना घराभोवतीचा मुलूख 'नैसर्गिक' दिसावा म्हणून टेकड्या हलवायचा आणि पाणी अडवायचा नाद होता. तळं आणि पाइनची लागवड त्याच काळातली. नाव त्या पाइनच्या गडद रंगावरून. जानेवारीच्या ढगाळ दुपारी ते पाण्यात बघाल तेव्हा दुसरं नाव सुचणार नाही.

तळ्यात दिवे सोडता येतील का? निर्माल्य?

नाही, दोन्ही नको. द्रोण, मेण, दोरा सगळं पक्ष्यांच्या पोटात जातं. निर्माल्य घरच्या कुंडीत जिरवा.

मुलं दहा मिनिटांत कंटाळतात. काय करायचं?

त्यांना फेरीचं टोक दाखवू नका, काम द्या. चिखलाचे बूट घालून डबकी मोजणं हे पाच वर्षांखालच्यांना पुरतं. मोठ्यांना पाइनची बोंडं जमवायला सांगा: ओली हवा असली की बोंडं मिटलेली, कोरडी असली की उघडलेली. मिटलेलं एक घरी नेऊन हीटरवर ठेवा, थोड्या वेळाने उघडतं. झाडांवरून उंच चालायचा, तारेवरून घसरत यायचा साहसी खेळही पार्कात आहे, त्याचे पैसे वेगळे आणि हिवाळ्यात तो रोज चालू नसतो. आजी-आजोबा सोबत असतील तर मुलं आणि ते एका वेगाने चालतात असं माझं निरीक्षण आहे. मधल्या पिढीलाच घाई असते.

फोटो केव्हा चांगले येतात?

दिवसभर. डिसेंबरात भर दुपारी बाराला सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर असतो. मुंबईत त्याच दिवशी साडेसत्तेचाळीस. त्यामुळे ऊन पडलं तर दुपारीही ते तिरकं आणि सोनेरीच असतं, सावल्या लांबच लांब. सूर्य डोळ्यांत येतो ही त्याची दुसरी बाजू. तेव्हा गॉगल हिवाळ्यातही ठेवा, गाडी चालवायला तर नक्कीच.

एक फेरी कमी वाटली तर?

उलट्या दिशेने दुसरी मारा. गंमत नव्हे, उजेडाची बाजू बदलते आणि पहिल्या फेरीत पाठीमागे राहिलेलं समोर येतं. नाहीतर तळं सोडून उत्तरेला झाडीत आणि हेदरच्या खुरट्या झुडपांच्या माळावर जा, तिथे गर्दी कधीच नसते, चिखल असतो. रस्ता ओलांडला की लँगली पार्क. तिथली उतरण आणि तळं केपेबिलिटी ब्राउन या १८व्या शतकातल्या बागरचनाकाराच्या हातचं आहे, आणि मोकळ्या गवतावरून विंडसरच्या दिशेला लांबवर नजर जाते.

दिवसभराचा बेत असेल तर व्हर्जिनिया वॉटर. हे कंट्री पार्क नव्हे, विंडसर ग्रेट पार्कचा भाग आहे, पण तळ्याभोवतीची फेरी साडेचार मैलांची. काठावर शंभर फुटी टोटेम खांब, म्हणजे कोरीव लाकडी खांब आहे, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या शताब्दीनिमित्त १९५८ मध्ये उभारलेला, वर्षाला एक फूट या मापाने. पुढे लिबियाच्या लेप्टिस मॅग्नाहून आणलेले रोमन खांब रांगेने उभे आहेत. आईबाबांना तिथे नेलंत तर पूर्ण फेरीचा हट्ट धरू नका, अर्ध्यातून परतता येतं.

गाडी आत अडकली तर? फाटक कधी बंद होतं?

बंद व्हायची वेळ उजेडाप्रमाणे बदलते आणि आत शिरतानाच्या फलकावर लिहिलेली असते. शिरताना तिचा फोटो काढून ठेवा. आणि पार्किंगचे पैसे निघायच्या आधी भरा. थंडीत बोटं बधिर झाल्यावर यंत्रावर गाडीचा नंबर टाइप करणं जमत नाही, आणि मागे रांग लागलेली असते.